लॅपटॉपची डिस्क बदलताना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणावरून)

— एक सहाय्यक शिक्षक, बी. ए., बी. एड.



आजचा माझा विषय घरगुती आहे. आपल्या पुष्कळ घरांत एकच लॅपटॉप असतो. थोरल्याचा प्रोजेक्ट, धाकटीचे ऑनलाइन अर्ज, दाखले, गुणपत्रके, लग्नाचे फोटो, सारे त्याच्यातच. चार-पाच वर्षांनी 'जागा शिल्लक नाही' अशी सूचना झळकू लागते आणि नवा लॅपटॉप घेण्याची चर्चा घरात सुरू होते. पालकांनी अशा वेळी घाई करू नये. यंत्र धडधाकट असेल तर नुसती डिस्क बदलूनही भागते आणि खर्च पुष्कळ कमी येतो.

आता हे स्थलांतर कसे करावयाचे ते पाहू. फोटो व फाइली नव्या डिस्कवर नुसत्या उतरवून घेतल्या म्हणजे लॅपटॉप सुरू होत नाही. विंडोजच्या डिस्कवर C: शिवाय आणखी लहान लहान विभाग असतात. एकात यंत्र सुरू करण्याची व्यवस्था असते, दुसऱ्यात बिघाड झाल्यास दुरुस्तीची. ते नेहमी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल करावी लागते. तिला क्लोनिंग म्हणतात. क्लोनझिला हा त्यासाठीचा मोफत प्रोग्राम असून तो पेनड्राइव्हवरून चालतो.

पहिले काम खरेदीपूर्वीचे. आपल्या यंत्रात कोणत्या जातीची डिस्क बसते ते पाहा. जुन्या यंत्रांत अडीच इंची साटा डिस्क असते. नव्यांत एम.2 ही पट्टी असते. तिच्यावरील 2280 हा आकडा म्हणजे रुंदी 22 व लांबी 80 मिलिमीटर. पण एम.2 मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. काही लॅपटॉपांत तर साठवणीची चिप मदरबोर्डवरच डाखलेली असते. तिथे हा उपाय चालत नाही.

दुसरे काम सर्वांत मोलाचे. महत्त्वाच्या फाइलींची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर आधी काढून ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि काम होईपर्यंत बिटलॉकर बंद करा.

तिसरे काम प्रत्यक्ष नकलेचे. नवी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडा. चार्जर लावलेला असू द्या. कोठून आणि कोठे हे विचारले जाईल तेव्हा डिस्कचे नाव व आकार दोनदा वाचा. येथे उलटापालट झाली तर भरलेली डिस्क पुसली जाईल, कारण जिच्यावर नक्कल होते तिच्यावरील सर्व काही नाहीसे होते.

नक्कल झाली की यंत्र पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मागचे झाकण उघडून आधी बॅटरीची जोडणी सोडवा आणि मग डिस्क बदला. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका. दोघींची ओळखखूण एकच असल्याने घोटाळा होतो. सुरू झाल्यावर C: पूर्वीएवढाच दिसला तर घाबरू नका. वाढीव जागा शेवटी मोकळी पडलेली असते. C: आणि ती जागा यांच्यामध्ये बहुधा दुरुस्तीचा विभाग असतो. पार्टिशन हलविणाऱ्या प्रोग्रामने तो मागे सरकवला की C: वाढविता येतो.

विद्यार्थ्यांसाठी एक गणित सांगतो. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते. यात दुकानदाराची लबाडी नाही. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024 च्या पटीत. घरी भागाकार करून पाहा. आणखी एक गोष्ट. 1956 साली आयबीएमच्या रॅमॅक यंत्रात 24 इंची 50 तबकड्या होत्या आणि त्यांत मावत होती अवघी 50 लाख अक्षरे!

आता माझी चूक सांगतो. माझे अब्बा जहाजावर नोकरीला होते. 2017 साली त्यांना समोर बसवून मी त्यांच्या आठवणी सुमारे दीड तास ध्वनिमुद्रित केल्या. पुढच्या वर्षी ते गेले. 2019 साली मी डिस्क बदलली. लॅपटॉप सुरू झाला, मी खूश झालो आणि त्याच संध्याकाळी जुनी डिस्क पुसून भाच्याला दिली. दोन महिन्यांनी अम्मींनी अब्बांचा आवाज ऐकायला मागितला. फाइल होती, नावही होते, पण ती उघडेना. जुन्या डिस्कचा काही भाग खराब झाला होता आणि नक्कल करताना प्रोग्रामने तो वगळला होता. पडद्यावर तशी सूचना आली असणार, पण मी ती वाचली नव्हती. वेगळी प्रतही काढली नव्हती. अम्मी काही बोलल्या नाहीत, उठून स्वयंपाकघरात गेल्या. तो आवाज आम्हाला पुन्हा मिळाला नाही.

म्हणून शेवटचे सांगणे एवढेच. यंत्र सुरू झाले म्हणजे काम संपले असे समजू नका. मोलाच्या फाइली एकेक उघडून पाहा आणि जुनी डिस्क निदान महिनाभर तशीच कपाटात ठेवा. मुलींनो, हे काम भावावर सोपवू नका. स्क्रूड्रायव्हर तुम्हीही हाती घ्या. आणि पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलांजवळ बसा आणि विचारा, आपल्या लॅपटॉपमधले जे पुन्हा मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत कोठे आहे?