नव्या सदनिकांचे पर्यायी आराखडे
(वार्षिक स्नेहसंमेलनात इमारत समितीच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या ज्ञातिगृहामागील चाळीचे पुनर्बांधकाम व्हावयाचे आहे, हे आपणांस विदित आहेच. त्या कामी गतवर्षी समितीकडून एक प्रमाद घडला. तो उघडपणे मांडावा, एवढ्याचसाठी आम्ही आज उभे आहोत.

नवी सदनिका कशी असावी, यावर आपणांत दोन तट होते. स्वयंपाकघर भिंतीआड असावे, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे. ते दिवाणखान्यास खुले असावे, ही तरुण मंडळींची इच्छा. दुसरा प्रश्न मागील बाजूचा. तेथे एक प्रशस्त शयनगृह करावे, की वृद्ध आईवडिलांसाठी लहानशी खोली वेगळी काढावी? दोन्ही प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे ठेवू, असे समितीने वचन दिले होते. प्रत्यक्षात दिवाळीपूर्वी वाटलेल्या नकाशांत सर्वत्र खुले स्वयंपाकघर आणि एकच शयनगृह होते. “ठरवून टाकलेत, मग विचारता कशाला?” असे एका आजींनी आम्हांस जिन्यात गाठून विचारले. त्या वेळी आम्हांपाशी उत्तर नव्हते.

हल्ली वास्तुविशारद नुसत्या रेषा काढीत नाहीत. संगणकात इमारतीची संपूर्ण प्रतिकृती उभी करतात. आपले काम रेव्हिट नामक प्रणालीत चालते. ती २००० साली अमेरिकेत प्रथम निघाली व २००२ साली ऑटोडेस्क कंपनीने घेतली. तीत ‘डिझाइन ऑप्शन’ नावाची सोय आहे. खांब, बाहेरील भिंती, जिना असे जे सर्वांस समान, ते मूळ प्रतिकृतीत राहते. ज्याविषयी वाद आहे, तेवढाच भाग पर्यायांत जातो. एका प्रश्नाचे पर्याय एका संचात. आपले प्रश्न दोन, प्रत्येकास पर्याय दोन; एवढ्यावर चार प्रकारची घरे पाहता येतात आणि बाहेरची खिडकी हलवावयाची झाल्यास ती एकदाच हलवावी लागते. मात्र प्रश्न खरोखरीच स्वतंत्र हवेत. स्वयंपाकघराची भिंत सरकल्याने मागल्या खोलीचे दार अडत असेल, तर ते दोन प्रश्न नव्हेत, एकच होय.

प्रमाद घडला तो येथे. प्रत्येक संचात एक पर्याय ‘प्रायमरी’, म्हणजे प्रमुख, मानावाच लागतो. वेगळी सूचना न दिल्यास नकाशात आणि क्षेत्रफळाच्या तक्त्यातही तोच उमटतो. दुसरा दाखवावयाचा, तर त्यासाठी निराळा नकाशा करून त्यास तो पर्याय नेमून द्यावा लागतो. ते कोणी केले नाही, आणि आम्हीही तपासले नाही. केवळ कामाच्या सोयीसाठी प्रमुख ठरलेला आराखडा आपणांस समितीचा निर्णय वाटला. त्यात आपली काहीच चूक नाही.

वेगळी खोली काढल्यास कागदोपत्री जागा घटेल, अशी भीती अनेकांनी बोलून दाखविली. ती निराधार आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार घरातील आतल्या भिंतींची जागा चटई क्षेत्रातच मोजली जाते. वापरावयाची जागा मात्र किंचित घटते: ३ मीटर लांब व १० सेंटीमीटर जाड भिंत ०.३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वातीन चौरस फूट, व्यापते. एका धान्याच्या कोठीएवढी म्हणा ना! आमचे स्वतःचे मन त्या लहान खोलीकडे झुकते, हे लपवीत नाही. पण आमच्या मताचे वजन एकाच घराचे.

आणखी एक सावधगिरी. निर्णय झाला की प्रमुख पर्याय ‘स्वीकृत’ करतात. त्यासरशी तो मूळ प्रतिकृतीत मिसळतो आणि त्या संचातील बाकीचे पर्याय पुसले जातात. म्हणून सर्व कुटुंबांच्या स्वाक्षऱ्या झाल्यावाचून ही आज्ञा देऊ नये, आणि देण्यापूर्वी संपूर्ण प्रतिकृतीची एक प्रत समितीच्या कपाटात ठेवावी, असे आम्ही वास्तुविशारदांस लेखी कळविले आहे.

येत्या रविवारी सकाळी चारही आराखडे सभागृहाच्या भिंतीवर लागतील. प्रत्येकावर पर्यायाचे नाव मोठ्या अक्षरांत असेल. ‘प्रमुख’ हा शब्द कोठेही नसेल. आजींना आणण्याची व्यवस्था आम्ही केली आहे.