बर्फगाडीचे हादरे



ज्या शहरांत थंडीला एक शाल पुरते, तेथील मंडळींनीं बर्फगाडीच्या स्प्रिंगांची चर्चा कां ऐकावी, असा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु आपल्यांपैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें आतां कॅनडांत नांदत आहेत. तेव्हां विषय अगदींच परका नाहीं.

या वाहनाच्या इतिहासांत एका घरचें दुःख आहे. क्वेबेक प्रांतांतील व्हॅल्कूर गांवच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिये यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यांत पोटाच्या विकारानें वारला. रस्ते बर्फानें बुजलेले. इस्पितळ गांठतां आलें नाहीं. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे त्यांचे प्रयोग त्यापूर्वींच सुरू होते. १९३७ मध्यें त्यांच्या दांतेरी चाक व पट्टा या योजनेस पेटंट मिळालें, आणि १९५९ मध्यें त्यांची लहान, हलकी ‘स्की-डू’ बाजारांत आली.

गाडीला पुढें दोन घसरफळ्या असतात. हँडलाबरोबर त्या वळतात. मागें रबरी पट्टा फिरतो, व त्याच्या पोटांत दोन रुळांची चौकट स्प्रिंगांवर तोललेली असते. रुळांच्या तळाशीं प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, आणि गंमत अशी कीं त्यांचें वंगण म्हणजे बर्फच! सुटा बर्फ न मिळतां नुसत्या गोठलेल्या तळ्यावरून गाडी दामटली, तर त्या तापून वितळूं लागतात.

स्प्रिंगा जुळवितांना गाडीची मागची बाजू उचलून त्या पूर्ण मोकळ्या कराव्यात व बंपरची जमिनीपासूनची उंची मोजावी. मग जाड कोट, बूट, शिरस्त्राण चढवून स्वारानें बसावें आणि पुन्हा मोजावें. एकूण खेळाच्या सुमारें चतुर्थांश ते तृतीयांश गाडी खचली तर ठीक. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो. अधिक खचल्यास स्प्रिंगांचा ताण वाढवावा, व तो दोन्ही बाजूंस सारखाच. मीं प्रथम हें मोजमाप घरच्या कपड्यांत केलें, आणि मग सारा जामानिमा करून मागें एका स्नेह्याला बसवून निघालों. प्रत्येक खळग्यांत चौकट तळाला टेकत होती. दोन दिवस माझी पाठ मला सरळ करतां आली नाहीं.

चौकटीच्या पुढच्या टोकाला एक आवर-पट्टी असते. ती आंखूड केली कीं फळ्यांवर भार वाढतो व गाडी हुकमी वळते. लांब सोडली तर फळ्या हलक्या होतात; खोल मऊ बर्फांत तें सोयीचें, पण वळणावर गाडी सरळच जाऊं पाहते. झाडींतल्या वाटेवर हा फरक जिवावर बेततो. म्हणून एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत टिपावा, आणि ओळखीच्या वाटेवर हळू चालवून पाहावें.

देखभाल थोडीच आहे. इंजिन बंद, किल्ली खिशांत. सांध्यांत थंडींत न गोठणारें वंगण, जुनें बाहेर पडेपर्यंत भरावें. आंत शिरलेलें पाणीही त्याबरोबर निघतें. पट्टा फार ताणला तर इंजिनाला जड होतो, ढिला राहिला तर दांत्यांवरून उडतो. मागच्या आंसाचे नट सैल करून दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे फिरवावे. पट्टा ढिल्या बाजूकडे सरकतो, हें ध्यानांत असावें. पट्टा फिरवून पाहतांना मागें कोणीही उभें राहूं नये. मुलांना तर घरांतच बसवावें.

फळ्यांच्या तळच्या पोलादी कांबीही पाहाव्यात. त्या झिजल्या कीं गाडी वळण धरीत नाहीं. पुष्कळ लोक अशा वेळीं बिचाऱ्या स्प्रिंगांना दोष देतात व पाना घेऊन त्यांच्या मागें लागतात; कांब बदलली कीं गाडी पुन्हा वळूं लागते.