फाटकें चित्र आणि जड माउस

पुणें-सोलापूर रस्त्यानें जातांना यवत मागें पडलें आणि चौफुला अजून यावयाचा असला, म्हणजे वाटेंत भांडगाव लागतें. दौंड तालुक्याचा हा भाग उसाचा. उसाच्या बिलांतून घरांत संगणक यावा, मुलानें दिवसां त्यावर अभ्यास करावा आणि रात्रीं मोटारशर्यतीचा किंवा लढाईचा खेळ खेळावा, हें आतां अशा गांवींही शहराइतकेंच स्वाभाविक झालें आहे. मग शहरांतली तक्रार तेथेंही व्हावयाचीच. खेळांतली मोटार वळली कीं पडद्यावरील चित्र आडवें फाटतें. वरचा भाग एका जागीं, खालचा भाग दोन बोटें सरकलेला. कोणी जाणता मित्र सांगतो, “व्ही-सिंक चालू कर.” तें चालू केलें कीं चित्र सांधलें जातें, पण माउस जड होतो, हात पुढें जातो आणि नेम मागून येतो. यानंतरचा सल्ला ठरलेला असतो : नवें कार्ड घ्या. हा हजारों रुपयांचा सल्ला बहुतेक वेळां चुकीचा असतो, आणि तो कां चुकीचा, हें समजण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं.

हलत्या चित्राचें हें दुखणें संगणकाहून पुष्कळ जुनें आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविलीं गेलीं; १९१३ च्या मे महिन्यांत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला; आणि पुढें तंबूंतला सिनेमा जत्रांच्या मागोमाग खेडोपाडीं पोंचला. त्या सर्व यंत्रांत एक युक्ति समान होती. फिल्म दिव्यासमोरून सरळ वाहत नाहीं. एक चित्र क्षणभर थांबतें, मग फिल्म खालीं ओढली जाते व पुढचें चित्र जागेवर येतें. ही ओढाओढ चालू असतां एक फिरती झडप प्रकाश अडवून धरते. झडपेची वेळ किंचित् चुकली, तर हलत्या फिल्मवर प्रकाश पडतो आणि पांढरीं अक्षरें वर-खालीं फरांटल्यासारखीं दिसतात. अशा वेळीं शहाणा ऑपरेटर नवें यंत्र मागवीत नसे. तो झडपेची वेळ जुळवी.

दूरचित्रवाणी आली तेव्हां फिल्म गेली, पण वेळ जुळविण्याचें काम राहिलें. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळच्या पेट्यांवर चित्र एकाएकीं वर-वर धांवूं लागे आणि घरांतील वडील मंडळी एक बटण हळूहळू फिरवून तें स्थिर करीत, हें कित्येकांस स्मरत असेल. कांचेच्या नळींतील किरण वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत चित्र रेखाटी आणि पुन्हां वर जाई. त्या परतीच्या वेळेंत कांहींच रेखाटलें जात नसे. आजच्या सपाट मॉनिटरांत किरण नाहीं. तरीही चित्र ओळीओळीनेंच पोंचतें, आणि दोन चित्रांमधील ती विश्रांति कायम आहे.

साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदांत ६० वेळां चित्र घेतो, म्हणजे एका फेरीस सुमारें १६.७ मिलिसेकंद लागतात. ग्राफिक्स कार्ड मात्र आपल्या मर्जीनें चालतें. मोकळें रान दिसलें कीं तें सेकंदाला ९० चित्रें काढील, समोर धूर व गर्दी आली कीं ५०. मॉनिटर अर्ध्या ओळी वाचून होतो न होतो, तोंच कार्ड त्याच्यापुढें नवें चित्र ठेवतें. वरच्या ओळी जुन्या, खालच्या नव्या. सांधा जेथें पडला तेथें चित्र फाटलें. येथें दोष दुबळ्या कार्डाचा नाहीं, बेबनावाचा आहे. अधिक वेगवान कार्ड घेतलें तर एका फेरींत एकाऐवजीं दोन सांधेही पडूं शकतात!

व्ही-सिंक म्हणजे जुन्या झडपेचाच नवा अवतार. विश्रांतीची वेळ येईपर्यंत नवें चित्र पुढें ठेवावयाचें नाहीं, एवढाच त्याचा नियम. पण कार्ड वेगवान असलें तर तयार चित्रें दारांत रांग लावतात. दोन-तीन चित्रें रांगेंत असलीं, तर डोळ्यांपुढें येणारें चित्र हाताच्या ३३ ते ५० मिलिसेकंद मागचें असतें. चौफुल्याच्या कला केंद्रांत ढोलकीची थाप पडून गेल्यावर इतक्या अवकाशानें चाळ वाजूं लागले, तर जाणकाराची मान तेथेंच थांबेल. प्रेक्षकाला कदाचित् कळणार नाहीं. खेळणाऱ्याच्या मनगटाला मात्र कळतें. उलट कार्डाला ६० चित्रें झेपत नसतील, तर चुकलेलें प्रत्येक चित्र पुढच्या फेरीपर्यंत ताटकळतें आणि वेग ३० वर कोसळूं शकतो. तेथें सावल्या, प्रतिबिंबें असली सजावट कमी करणें हाच उपाय.

रांग मोडण्याची युक्ति मोठी साधी आहे. व्ही-सिंक चालू ठेवावें आणि खेळाच्या किंवा कार्डाच्या सेटिंगमध्यें चित्रसंख्येला मॉनिटरच्या किंचित् खालचा लगाम घालावा, ६० ला ५८ किंवा ५९. मग चित्र तयार होतांच त्याची पाळी येते, रांग सांचत नाहीं. किंमत इतकीच कीं सेकंदांत एक-दोनदां एखादें चित्र दुबार दिसून बारीकसा झटका बसतो. सामन्यांत उतरणारे कित्येक खेळाडू हेंही नको म्हणून व्ही-सिंक बंद ठेवतात आणि फाटकें चित्र पत्करतात. त्यांच्यापुरता तो सौदा योग्यच आहे.

खरा तोडगा निघाला तो मॉनिटरलाच थांबावयास शिकविल्यावर. २०१३ सालीं एन्व्हिडियानें जी-सिंक जाहीर केलें; पाठोपाठ एएमडीचें फ्रीसिंक आलें. चित्र तयार झालें कीं मगच मॉनिटर फेरी सुरू करतो. ही सोय पुष्कळ घरांत आधींच असते आणि झोंपलेली असते, कारण ती मॉनिटरच्या मेनूंत व कार्डाच्या सेटिंगमध्यें अशी दोन्हींकडे चालू करावी लागते. तेथेंही लगाम हवाच. १४४ च्या मॉनिटरला १४० च्या आसपास. वरची मर्यादा ओलांडली कीं जुनें भांडण पुन्हां सुरू.

खरेदीपूर्वीं आणखीही पाहण्यासारखें आहे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्यें ६० वरच चालत असल्याचें पुष्कळदां आढळतें. मॉनिटरची तार कार्डाऐवजीं मदरबोर्डाला लावलेली असली, तर महागडें कार्ड बहुधा स्वस्थ बसून असतें. टीव्हीचाच मॉनिटर केला असेल, तर त्याचा ‘गेम मोड’ बंद असल्यास चित्र सुशोभित करण्यांतच वेळ जातो. माउसचा दोष शेवटीं पाहावा : साधा माउस सेकंदांत १२५ वेळां, म्हणजे ८ मिलिसेकंदांनीं एकदां, आपली जागा कळवितो, खेळाचा माउस १,००० वेळां. फरक खरा आहे, पण रांगेंतल्या एका चित्राच्या निम्म्याहूनही कमी. आणि खेळ लॅपटॉपवर असेल, तर वीज गेल्यावर तो बॅटरीवर जाऊन कार्डाचा वेग आपोआप उतरवितो. ५८ चा लगाम मग निरुपयोगी ठरतो, आणि वीज परत येईपर्यंत ३० वर खेळणें अधिक सुखाचें होतें.