शिक्षकाचे मौन आणि मुलाचा कान

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते संस्थेच्या माध्यमिक शाळेत सहशिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



आजच्या मेळाव्यात ‘लसीकरण आणि आपण’ या विषयावर बोलावे, असे मला सांगण्यात आले. मी डॉक्टर नाही. इतिहास आणि मराठी शिकविणारा साधा शिक्षक आहे. परंतु या विषयावर बोलण्याचे एक कर्ज माझ्या अंगावर आहे आणि आज ते आपल्यासमोर फेडावयाचे आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्यात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम निघाली. ९ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शाळाशाळांतून लस द्यावयाची होती. त्याच दिवसांत मोबाइलवर निरोप फिरू लागले की, ही लस घेतल्याने पुढे मुले होत नाहीत, ही आपल्या समाजाची संख्या कमी करण्याची युक्ती आहे. पाचवीच्या माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील शाळेच्या फाटकाशी थांबून मला म्हणाले, “सर, तुमी शिकलेले. सांगा, पोराला सुई देऊ का नको?” मला उत्तर ठाऊक होते. माझ्या स्वतःच्या मुलीला मी लस देणारच होतो. पण उद्या काही झाले तर बोल आपल्यावर नको, या विचाराने मी म्हणालो, “तुमचं तुम्ही बघा, चाचा.” लसीच्या दिवशी माझ्या वर्गातील ४१ मुलांपैकी १४ मुले गैरहजर होती. तो मुलगा त्यांतलाच एक.

चार वर्षांनी, २०२२ च्या हिवाळ्यात, त्या मुलाला गोवर झाला. मागून न्यूमोनिया झाला. नऊ दिवस तो रुग्णालयात होता. अल्लाहच्या कृपेने वाचला, परंतु कानात पू होऊन डाव्या कानाचे ऐकणे कमी झाले ते झालेच. मी भेटावयास गेलो तेव्हा त्याचे वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “सर, तुमी तवा ‘दे’ म्हटलं असतं, तर मी दिली असती.” हे वाक्य मी आजवर विसरू शकलेलो नाही.

पालकहो, त्या वडिलांना मी अडाणी म्हणणार नाही. ते विचारावयास आले होते. अडाणीपणा माझा होता, कारण ठाऊक असून मी गप्प बसलो. आणि लोकांच्या मनातील भीतीलाही कारणे असतात. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने गावोगाव धास्ती पसरविली. सरकारी गाडी आली की पुरुष शेतात पळून जात, हे आपल्या घरच्या बुजुर्गांकडून तुम्हीही ऐकले असेल. ‘सरकारची सुई म्हणजे वंश बुडाला’ ही अफवा त्या जुन्या जखमेवर उगवते. पाकिस्तानातील अबोटाबाद येथे २०११ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी काविळीच्या लसीकरणाचे सोंग केले. पुढे त्या देशात पोलिओचे थेंब पाजणाऱ्या कित्येक कार्यकर्त्यांना प्राण गमवावे लागले, आणि २०१४ मध्ये अमेरिकेला जाहीर करावे लागले की, हेरगिरीसाठी लसीकरणाचा वापर पुन्हा करणार नाही. ज्यांनी विश्वास मोडला त्यांचा दोष मोठा आहे. परंतु त्याची शिक्षा कोणी भोगली? लस न मिळालेल्या लेकरांनी. सरकारवरचा राग सरकारवर काढावा, मुलाच्या दंडावर काढू नये.

आता आपल्याच मुंबईतील एक जुनी हकीकत सांगतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. सरकारने धाकाचा मार्ग धरला. घरे तपासणे, रोग्यांना ओढून नेणे, सामान जाळणे सुरू झाले. पुण्यात या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडण्यात झाला. लोक रोगापेक्षा सरकारी माणसाला अधिक भिऊ लागले.

त्याच मुंबईत ओडेसा येथे जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या लहानशा जागेत प्लेगची लस तयार करीत होते. लस तयार झाल्यावर त्यांनी ती प्रथम कोणाला टोचली? १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील राजी असलेल्या कैद्यांना. तरीही शहरात शंका होतीच. तेव्हा खोजा जमातीचे इमाम, तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह पुढे आले. त्यांचे वय अवघे विशीच्या आसपास होते. त्यांनी लोकांसमोर आपला दंड पुढे केला, स्वतःला लस टोचून घेतली आणि ही बातमी सर्वत्र पोहोचेल याची काळजी घेतली. इतकेच नव्हे, तर प्रयोगशाळेसाठी आपली इमारत वापरावयास दिली. पाहता पाहता हजारो खोजा स्त्री-पुरुषांनी लस घेतली. एका यहुदी शास्त्रज्ञाची लस मुसलमान जमातीने घेतली, ती हुकमाने नव्हे, तर आपल्या माणसाने आधी घेतली म्हणून. जे काम फौजेला जमले नाही, ते एका उघड्या दंडाने केले.

पण हकीकत येथे संपत नाही. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. ठपका हाफकिनसाहेबांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पुढे सगळा पुरावा तपासला गेला. त्या दिवशी अनेक बाटल्या वापरल्या होत्या, पण मरण पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. ती बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तो पुन्हा वापरला गेला होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे, ती हाफकिन संस्था आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून तरी पाहिली असेल.

विद्यार्थी मित्रहो, ही हकीकत मी मुद्दाम सांगितली. विज्ञानात चुका होत नाहीत असे सांगणारा माणूस तुमची दिशाभूल करतो. चूक शोधता येते, तिचा पुरावा तपासता येतो आणि निकाल बदलता येतो, म्हणून विज्ञानावर विश्वास ठेवावयाचा. १९९८ मध्ये इंग्लंडच्या एका डॉक्टरने अवघ्या १२ मुलांवरून गोवराच्या लसीचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशी जोडला. मोठमोठ्या पाहण्या झाल्या, संबंध आढळला नाही. २०१० मध्ये तो लेख नियतकालिकाने मागे घेतला आणि त्या डॉक्टरचे नाव वैद्यकीय नोंदणीतून काढले गेले. मोबाइलवरच्या अफवेचे मात्र तसे नसते. ती कोणी मागे घेत नाही.

आता गोवराकडे वळू. ‘गोवर काय, सगळ्यांनाच निघतो, लिंबाचा पाला ठेवला की जातो,’ असे आपल्या घरांत अजूनही म्हणतात. तो इतका साधा नाही. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. लस न घेतलेल्या समाजात एक रोगी १२ ते १८ जणांना रोग देतो. त्यात न्यूमोनिया, मेंदूज्वर, अंधत्व, बहिरेपणा ओढवू शकतो. आणखी एक गोष्ट अलीकडच्या संशोधनाने दाखविली आहे. पूर्वीच्या आजारांशी लढून शरीराने जी प्रतिकारशक्ती कमावलेली असते, तिचा काही भाग गोवर पुसून टाकतो. म्हणून गोवर बरा झालेले मूल पुढे काही काळ वारंवार आजारी पडते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून सुरू झालेली साथ भिवंडी आणि मालेगाव येथे पोहोचली. दाटीची वस्ती, कोरोनाच्या काळात चुकलेल्या मात्रा आणि मनातील भीती अशी तिन्ही कारणे एकत्र आली. लहान मुले दगावली, आणि त्यांतील बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. तेव्हा कोठे धावपळ झाली, मशिदींतून आवाहने झाली, मौलवीसाहेबांनी घरोघरी समजूत घातली. ते योग्यच झाले. पण हेच आधी झाले असते तर?

भिवंडी आपल्याला दूर नाही. आपली माणसे तेथील गोदामांत रोज कामाला जातात. आसनगावहून लोकल, मुरबाडहून कल्याणची एस. टी., जानेवारीत म्हशाची यात्रा, या सर्व वाटांनी गोवरही प्रवास करतो. आपल्या दोन्ही तालुक्यांतील कातकरी व ठाकूर कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. गावात आशाताई येते तेव्हा मूल भट्टीवर, आणि भट्टीवर कोणी आले तर मूल गावी. त्यांची मात्रा चुकते, ती बापाच्या पोटामुळे. आपण घरी असून चुकवितो, याला काय म्हणावे? ही मुले आपल्याच मुलांबरोबर एका बाकावर बसतात. १०० पैकी ९५ मुलांना लस मिळाली, तरच गोवराची वाट बंद होते. म्हणून वाडीवरच्या लेकराची मात्रा हीसुद्धा आपली काळजी आहे.

काही पालक विचारतात की, लसीत हराम वस्तू असते का? प्रश्न विचारण्यासारखा आहे, म्हणून टाळत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस जगातील अनेक देशांत जाते. २०१८ मध्येच इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने या लसीचा विचार केला. तिच्या उत्पादनात डुकरापासून मिळणाऱ्या घटकाचा वापर होतो, असे स्पष्ट सांगून, दुसरी लस उपलब्ध नसल्यामुळे आणि न दिल्यास मुलांच्या जिवाला धोका असल्यामुळे, गरज म्हणून तिला मुभा दिली. आपणही आपल्या मौलानासाहेबांना विचारावे, डॉक्टरांनाही विचारावे. आणि एक लक्षात घ्यावे, हजला जाणारा प्रत्येक यात्रेकरू मेंदूज्वराची लस घेऊनच जातो. ती आपण आनंदाने घेतो. मग घरातील लेकराच्या वेळी मन का कचरावे?

आपल्या घरातील बुजुर्गांच्या दंडावर गोल वण असतो. देवी काढल्याची ती खूण आहे. तुमच्या दंडावर ती नाही, कारण देवीचा रोगच जगातून गेला. निसर्गतः देवी झालेला जगातील शेवटचा माणूस अली माओ मालिन हा सोमालियातील मेर्का गावच्या रुग्णालयात स्वयंपाकी होता. ऑक्टोबर १९७७ मध्ये देवीच्या रोग्यांच्या गाडीला वाट दाखविण्यासाठी तो थोडा वेळ त्यांच्याबरोबर बसला. रुग्णालयात काम करूनही सुई दुखेल या भीतीने त्याने लस चुकविली होती. तो बरा झाला. पुढे त्याच्या देशात पोलिओची साथ आली तेव्हा हाच मनुष्य घरोघर जाऊन आयांना सांगे की, मी लस चुकविली, माझे काय झाले ते ऐका. २०१३ मध्ये असेच काम करीत असताना त्याला मलेरियाने मृत्यू आला. आपल्या देशात नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला, त्यामागे अशीच दारोदार फिरलेली लाखो माणसे आहेत.

अली मालिनकडून मी धडा घेतला. आपली चूक लपविण्यापेक्षा ती सांगितली, तर दुसऱ्याचे मूल वाचते.

म्हणून पालकहो, घरी गेल्यावर मुलाचे लसीकरणाचे कार्ड काढा. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असते. एका मात्रेने सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळते, म्हणून दुसरी चुकवू नये. कार्ड हरवले असेल किंवा वेळ टळून गेली असेल, तर लाज न धरता आशाताईला, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहापूर-मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात विचारा. लस दिल्यावर अर्धा तास तेथेच थांबा. आठवडाभराने थोडा ताप किंवा पुरळ आल्यास घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा. मनात शंका असेल तर ती बोलून दाखवा. आणि विद्यार्थी मित्रहो, मोबाइलवर निरोप आला तर पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : हे कोणी सांगितले? त्याला कसे कळले? ते चुकीचे ठरले तर तो मागे घेईल का?

यापुढे शाळेच्या फाटकाशी मला कोणी विचारले, तर “तुमचं तुम्ही बघा” असे उत्तर मी देणार नाही. मला ठाऊक असेल ते सांगेन, ठाऊक नसेल तर तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे येईन. तो मुलगा आता कॉलेजात जातो. भेटला की सलाम करतो, आणि मी बोलू लागलो की उजवा कान माझ्याकडे वळवितो.

 अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना सलामत ठेवो. जय हिंद, जय महाराष्ट्र.