थुंकणारे आणि खरवडणारे
(नाशिक येथे केलेले भाषण)

दोस्तहो,

कविता ऐकायला बोलावलंत, पण मी आज फुटपाथवर बोलणार आहे. मेनरोड, शालिमार, कॉलेज रोड. दुकानांपुढच्या फरश्या जरा वाकून बघा. काळे चपटे ठिपके म्हंजे च्युइंगम. लाल ओघळ म्हंजे पान-गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, ओघळ काही थांबले नाहीत.

हे काढायचं कसं? च्युइंगमच्या पोटात रबर असतं, म्हणून ते पाण्यात विरघळत नाय. बर्फानं गारठवलं की ते कडक, ठिसूळ होतं. मग लांब दांड्याच्या पत्र्यानं उभ्या उभ्या उडवता येतं. गरम वाफ मारली की सैल पडतं, ब्रशनं निघतं. वाफेची अशी यंत्रं जगात कधीचीच आहेत. पानाचं वेगळं. कात नि चुना मिळून लाल रंग चढतो आणि फरशीच्या छिद्रांत मुरतो. ओला असताना साबणपाण्यानं घासला तर बराचसा जातो. वाळला की ब्लिचिंग पावडरचा लेप लावून ठेवायचा, मग घासायचा.

आणि सफाईवाल्याच्या हातात काय देतात? ॲसिडची बाटली नि मोडकं ब्लेड! ॲसिडनं च्युइंगम हलत नाय. ते सिमेंट खातं आणि त्याची वाफ छातीत जाते. त्यात ब्लिचिंग मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली महायुद्धात सैनिक मारायला वापरला तोच हा वायू.

मी गोदीत ओझी उचलतो. क्रेन असताना पाठीवर ओझं का चढवतात ते मला ठाऊक आहे. यंत्राला पैसे पडतात, माणूस स्वस्त पडतो. आणि झाडूच्या कामावर आजही बहुतेक कोणाची माणसं आहेत, हे मी सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय : पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, त्याची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. आज कोणीही कुठंही थुंकतो, नि ती थुंकी खरवडायला गुडघ्यावर बसतो तो आपलाच भाऊ, आपलीच आई.

म्हणून महानगरपालिकेच्या दारात जाऊन मागा : वाफेचं यंत्र, लांब दांड्याचा पत्रा, हातमोजे. ॲसिड बंद! आणि थुंकणारा सापडला तर नुसती पावती फाडू नका. पत्रा त्याच्या हातात द्या.

जय भीम!