घायपाताचे शत्रू



घायपात म्हणा किंवा केकताड म्हणा, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या रुळांलगत किंवा एखाद्या जुन्या बंगल्याच्या फाटकाशी उभे असलेले हे झाड पाहून ह्याला कोणी शत्रू असेल अशी शंकाही मनात येत नाही. पानाच्या टोकाला सुई, बहुतेक जातींत कडेला करवतीचे दाते, आणि अंगात असा रस की कातडीला लागला तर आग व्हावी. गुरे त्याच्या वाटेला जात नाहीत, अवर्षण त्याला सहसा मारीत नाही. ह्याच झाडाच्या पानांचा वाख काढून दावी, कासरे आणि चऱ्हाटे वळणाऱ्या कुटुंबांनी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले. परंतु ह्या तटबंदीला एक चोरवाट आहे, आणि ती पक्की ठाऊक असलेला एक किडा आहे. आजचे माझे बोलणे मुख्यत्वे त्याच्याविषयी आहे.

आधी किरकोळ उपद्रव्यांचा निकाल लावू. कारण माणूस घाबरतो तो बहुधा ह्यांनाच. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण होत. ते रस शोषतात आणि गोड चिकटा सोडतात. त्या चिकट्यासाठी मुंग्यांची रांग लागते. तेव्हा घायपातावर मुंग्या चढू लागल्या की पानाच्या बुडाशी डोकावून पाहावे. पानावर घट्ट बसलेले, नखाने खरवडले असता सुटणारे करडे वा तपकिरी ठिपके म्हणजे खवले कीड. थोडी झाडे असतील तर मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी एवढ्यावर दोघांचाही बंदोबस्त होतो. निळसर पानांच्या जातींवर मात्र साबण किंवा तेल सढळ हाताने वापरू नये. पानावरची मेणासारखी साय निघून जाते व ती त्या पानावर पुन्हा येत नाही. कोवळ्या पानांवर तेलकट, काळपट ओरखडे उठले तर तो कीटकाचा प्रतापच नव्हे. ते काम डोळ्यांना न दिसणाऱ्या, कोळ्यांच्या वर्गातल्या एका सूक्ष्म जीवाचे असते, आणि साधी कीटकनाशके त्याला दाद देत नाहीत.

हे सारे उपद्रव झाडाला कुरूप करतात, मारतात क्वचितच. मारणारा निराळा आहे, आणि तो दिसत नाही.

त्याला आपण घायपाताचा सोंड्या भुंगा म्हणू. कोकणातल्या श्रोत्यांना माडाचा तांबडा सोंड्या ठाऊक असेल. हा त्याचाच भाऊबंद. रंगाने काळा, लांबीला सुमारे १ ते २ सेंटिमीटर, तोंडाशी पुढे वाकलेली सोंड. तो क्वचितच उडतो, बहुधा चालतच हिंडतो, आणि दिवसा पानांच्या बुडाशी दडून राहतो. मादी सोंडेने पानाच्या बुडाशी भोक पाडते व तेथे अंडी घालते. थोड्याच दिवसांत बिनपायांच्या, पांढुरक्या, तांबूस डोक्याच्या अळ्या बाहेर पडतात आणि झाडाच्या गाभ्यात शिरतात. पूर्ण वाढ झाली की अळी झाडाचेच तंतू वळून आपला कोष विणते. आपण ज्या तंतूंचे दोर वळतो, त्यांचाच तिने पाळणा करावा, ह्यातली कारागिरी कबूल केलीच पाहिजे. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा हा फेरा साधारण दोन ते तीन महिन्यांत पुरा होतो, आणि उष्ण प्रदेशात वर्षाला अनेक पिढ्या होतात.

अळी जेवढा गाभा खाते, तेवढ्याने एवढे दांडगे झाड मेले नसते. परंतु भुंग्याने पाडलेल्या भोकांतून आणि अळ्यांच्या बोगद्यांतून कुजवणारे जंतू आत जातात व गाभ्याचा चिखल होतो. बाहेरून मात्र झाड हिरवेगार, ताठ! मग एके दिवशी खालची पाने लोळू लागतात, मधला सुळका तेवढा उभा राहतो, जवळ गेल्यास आंबल्याचा वास येतो आणि हाताने ओढताच झाड बुडातून निखळते. सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला हा प्रकार अगदीच अपरिचित वाटत नाही, असो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. घायपात आयुष्यात एकदाच फुलते. मधून उंच दांडा येतो, फुले येऊन जातात, आणि मग ते झाड आपोआप वाळते. तो त्याचा धर्म आहे; त्याला रोग समजून औषधे ओतणे व्यर्थ होय. दांडा न येताच झाड कोसळले तरच सोंड्याचा संशय घ्यावा. त्यातही, दांडा येण्याच्या बेतात असलेली, वर्षानुवर्षांची साखर पोटात साठवलेली झाडे भुंग्याला विशेष प्रिय असतात. म्हणजे मालकाच्या पदरात फळ पडण्याच्या सुमारासच घाला पडतो.

ह्या गोष्टीची खरी झळ मेक्सिकोत कळते. घायपाताचे ते माहेर. तेथील हालिस्को प्रांतात टकीला ह्या मद्यासाठी निळ्या घायपाताची लागवड होते. शेतकऱ्याला गड्डा काढण्यासाठी सहा ते आठ वर्षे थांबावे लागते. ही लागवड मुळाशी फुटणाऱ्या मुनव्यांपासून होत आल्यामुळे शेतेच्या शेते जवळजवळ एकाच रक्ताची असतात; एकाला जे मारते ते सर्वांना मारू शकते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे मर आणि कूज ह्यांनी मोठा हाहाकार उडवला. तो केवळ भुंग्याचा अपराध नव्हता, बुरशी व जंतूही त्यात होते. पण दार उघडून देणाऱ्यांत भुंगा होता. मेक्सिकन लोकांनी घायपाताच्या काही अळ्यांवर एक उपाय मात्र फार पूर्वीच शोधला आहे: ते त्या भाजून खातात! मेस्काल नावाच्या मद्याच्या बाटलीत जी अळी घालतात ती कोणाची, ह्याविषयी पुष्कळ तर्क होते, आणि कोणी कोणी सोंड्याचेही नाव घेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत ज्या अळ्यांची ओळख पटली, त्या सर्व एका पतंगाच्या तांबड्या अळ्या निघाल्या.

मेक्सिकोबाहेर भुंगा गेला तो रोपांच्या पोटात बसून. १८९३ साली रिचर्ड हिंडॉर्फ ह्या जर्मन कृषितज्ज्ञाने फ्लोरिडाहून पूर्व आफ्रिकेत सिसल घायपाताची एक हजार रोपे मागवली; त्यांतली अवघी ६२ जगली, आणि त्यांतून आजच्या टांझानियातील विस्तीर्ण मळे उभे राहिले. पुढे त्या मळ्यांतही भुंगा पोहोचला. अलीकडे शोभेच्या झाडांबरोबर तो स्पेन, फ्रान्स व इटलीतही उतरला आहे.

उपाय? अळी गाभ्यात असताना वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. झाडात भिनणारी औषधे आहेत. परंतु ती लागण होण्यापूर्वी द्यावी लागतात, आणि त्यांतील इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधावर मधमाश्यांच्या हितास्तव युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात बंदी घातली. आपल्याकडे कृषी अधिकाऱ्याला विचारल्याविना अशा औषधाला हात लावू नये. भुंग्यांना बोलावणाऱ्या गंधाचे सापळे मळ्यांत उपयोगी पडतात. बागवानाला मात्र माझ्या मते फावड्याइतके खात्रीचे हत्यार नाही. कोसळलेले झाड मुळासकट काढावे, खालची माती चाळून अळ्या, कोष व भुंगे वेचून नष्ट करावेत, आणि त्या जागी पुन्हा घायपात लावू नये. कुजलेले झाड कुंपणापलीकडे फेकून देणे म्हणजे भुंग्याला शेजाऱ्याचा पत्ता देणे होय.

हा सारा खटाटोप कुंपणाच्या झाडासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आहे निशिगंध. पुण्याकडे गुलछडी, बंगालमध्ये रजनीगंधा म्हणून जिचे हार आपण देवाला आणि नवरीला घालतो, ती मूळची मेक्सिकोचीच, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आता तिला घायपाताच्याच प्रजातीत धरतात. हे नाते भुंग्याने त्यांच्याही आधी ओळखले असावे. मेक्सिकोतील मोरेलोस प्रांतात तो निशिगंधाचे कंद पोखरणारी मोठी कीड ठरला आहे. आपल्याकडे महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडू आणि बंगाल येथील कितीतरी लहान शेतकऱ्यांची रोजची मिळकत ह्या फुलावर आहे.

परदेशी रोपे व कंद आणण्यावर आपल्या देशात १९१४ च्या कायद्यापासून निर्बंध आहेत, आणि २००३ च्या वनस्पती-विलगीकरण आदेशाने त्यांना सविस्तर रूप दिले. बंदरावर व विमानतळावर होणारी तपासणी प्रवाशाला जाचक वाटते. खिशातून आणलेले एक पिलू काय करणार, असे तो म्हणतो. त्या पिलाच्या बुडाशी एक मादी मावते. देशातल्या देशात रोपवाटिकेतून शोभेचे घायपात आणले तरी ते इतर झाडांपासून तीन महिने दूर, कुंडीतच ठेवावे. भुंग्याचा फेरा तेवढ्यात पुरा होतो. महिन्यातून एकदा खालची पाने बाजूला सारून बुडाशी भोक, भुसा किंवा ओलसर डाग आहे का ते पाहावे, आणि मधला सुळका धरून हलकेच हलवावा. निशिगंधाचा कंद विकत घेताना तो बोटांनी दाबून पाहावा. मऊ लागला किंवा भोक दिसले तर तो तेथेच, विकणाऱ्यासमोर, कापून बघावा.