पागा आणि पेढी

मराठ्यांच्या घोडदळात स्वारांचे दोन वर्ग असत. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. बारगिराचा घोडा पडला तर त्याला पागेतून दुसरा मिळे. शिलेदाराचा घोडा पडला म्हणजे त्याचे भांडवलच बुडाले. त्यामुळे शिलेदाराला स्वार म्हणून जितके दक्ष राहावे लागे, तितकेच मालक म्हणूनही राहावे लागे. लढाईतील घोडदळ आता इतिहासजमा झाले. परंतु हा जुना भेद एका निराळ्याच क्षेत्रात पुन्हा डोके वर काढताना दिसतो. ते क्षेत्र म्हणजे अश्वारोहणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा.

ह्या स्पर्धांचा पूर्वेतिहास पाहिला तर त्यांवर बारगिरांचेच राज्य होते असे म्हणता येईल. ऑलिंपिक क्रीडांगणावर 1948 पर्यंत बहुतेक स्वार सैन्यातील अधिकारी असत. घोडा सरकारचा, चंदी सरकारची, मोतद्दार सरकारचा आणि सरावाचा वेळ हाही नोकरीचाच भाग. नियमही तसेच कडक होते. 1948 साली लंडनला ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, स्वीडनचा संघ पहिला आला. पण संघातील गेनाल पर्सन हा पुरेशा हुद्द्याचा अधिकारी नव्हता असे आढळले, आणि पुढल्या वर्षी ते सुवर्णपदक काढून घेण्यात आले. 1952 च्या हेलसिंकी स्पर्धेपासून मात्र दरवाजे उघडले. साधे सैनिक, नागरिक आणि ड्रेसाजपुरत्या स्त्रियाही मैदानात उतरू शकल्या. पर्सननेही त्या वर्षी आपल्या संघाबरोबर सुवर्णपदक मिळवले. इकडे सैन्यातील घोड्यांची जागा यंत्रे घेत होती. सरकारी पागा रिकाम्या होत गेल्या आणि स्वाराला आपला चरितार्थ, तसाच घोड्याचाही, अन्य मार्गाने चालवणे प्राप्त झाले. शिलेदारीचे हे नवे रूप होय.

येथेच खरी अडचण सुरू होते. टेनिसची रॅकेट आठ दिवस खुंटीला टांगून ठेवता येते. घोडा टांगून ठेवता येत नाही. त्याला रोज खरारा लागतो, वेळेवर चंदी-वैरण लागते, रोजची फेरी लागते. साधारण दीड महिन्याने नालबंदाला बोलवावे लागते. पायाला किंचित सूज आली तरी महिनोन् महिन्यांचे बेत कोलमडतात. शिवाय घोड्याला शिकवलेले टिकवण्यासाठी रोज शिकवावे लागते, आणि ड्रेसाजच्या वरच्या पायरीपर्यंत त्याला पोहोचवण्यात कैक वर्षे जातात. व्यवसायाचा स्वभावही काही वेगळा नाही. पेढीलासुद्धा धन्याचा डोळा हवा असतो. गिऱ्हाईक, कामगार, कर्जाचे हप्ते आणि बाजारातील चढउतार ह्यांपैकी कोणीही स्पर्धेच्या तारखा पाहून थांबत नाही. दोन धनी असलेल्या चाकरासारखी अशा माणसाची अवस्था होते.

तरीही ही कसरत साधणारी माणसे निघाली. वेल्समधील हॅरी ल्युवेलिन हे त्यांतील एक ठळक नाव. कोळशाच्या खाणी चालवणाऱ्या घराण्यात 1911 साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणी, 1936 मध्ये, ग्रँड नॅशनल ह्या कठीण शर्यतीत त्यांचा घोडा दुसरा आला होता. महायुद्धात त्यांनी सैन्यात काम केले आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले. युद्धानंतर त्यांची जी कीर्ती झाली ती 1947 साली घेतलेल्या ‘फॉक्सहंटर’ ह्या घोड्यामुळे. हेलसिंकीच्या स्पर्धेचा अखेरचा दिवस उजाडला तरी ब्रिटनच्या पदरात एकही सुवर्णपदक नव्हते. सकाळच्या फेरीत फॉक्सहंटर चुकत गेला आणि त्याच्या नावावर पावणेसतरा दोष जमा झाले. दुसऱ्या फेरीत मात्र त्याने एकही दोष न होऊ देता सारे अडथळे पार केले, आणि ब्रिटनला त्या स्पर्धेतील एकमेव सुवर्णपदक मिळाले. एका फेरीतील तोटा दुसऱ्या फेरीत डोके शांत ठेवून भरून काढणे हा गुण पेढीवर आणि खोगिरावर सारखाच उपयोगी पडतो.

ल्युवेलिन ह्यांच्यामागे घराण्याची संपत्ती होती, असे कोणी म्हणेल. आणि ते खोटे नाही. म्हणून पगारावर व्यवसायाची धुरा वाहणाऱ्या माणसाचे उदाहरण अधिक बोधक ठरते. जपानचे हिरोशी होकेत्सू ह्यांचा जन्म 1941 चा. तेविसाव्या वर्षी, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, ते उड्यांच्या स्पर्धेत उतरले आणि चाळिसावे आले. एवढ्यावर बहुतेकांचा खेळ संपतो. होकेत्सूंनी अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले, नोकरी धरली, आणि पुढे रोगनिदानाची साधने पुरवणाऱ्या एका कंपनीच्या जपानी शाखेचे ते प्रमुख झाले. परंतु घोडा सुटला नाही. पहाटे पाचच्या सुमारास उठायचे, आधी घोड्यावर बसायचे आणि मग कचेरीत जायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

ह्या क्रमात एक व्यवहारी शहाणपण आहे. संध्याकाळ ही व्यवसायाच्या ताब्यात असते. कोणती बैठक किती लांबेल ह्याचा नेम नसतो. पहाटेवर मात्र कोणाचा हक्क नसतो. दुसरे शहाणपण मर्यादा ओळखण्याचे. नजर पूर्वीसारखी राहिली नाही आणि अडथळ्याचे अंतर अचूक जोखणे अवघड होऊ लागले, तेव्हा त्यांनी उड्या सोडून ड्रेसाज पत्करले. तेथे तरुण स्नायूंपेक्षा मांडीच्या हलक्या दाबाला, बैठकीला आणि संयमाला महत्त्व असते. धंद्यात तोट्याची शाखा वेळीच बंद करून भांडवल दुसरीकडे वळवणारा माणूस हेच करतो.

तरी यश हात जोडून उभे राहिले नाही. 1984 साली ते राखीव स्वार राहिले. 1988 मध्ये सेऊलची संधी घोड्याच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे हुकली. 2003 मध्ये, बासष्टाव्या वर्षी, ते निवृत्त झाले आणि जर्मनीतील आखन येथे सरावासाठी जाऊन राहिले. 2008 च्या ऑलिंपिकमधील घोड्यांच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तेथे ‘व्हिस्पर’ नावाच्या घोडीवर ते उतरले तेव्हा पहिल्या स्पर्धेला 44 वर्षे झाली होती. 2012 साली लंडनला ते एकाहत्तर वर्षांचे होते. 1920 मध्ये स्वीडनचा ऑस्कर स्वान हा नेमबाज बाहत्तराव्या वर्षी खेळला होता, पण इतके वयोवृद्ध खेळाडू ऑलिंपिकमध्ये फार थोडे उतरले आहेत. पदक त्यांना कधीच मिळाले नाही.

मग ह्या साऱ्या खटाटोपाचा जमाखर्च कसा मांडायचा? खर्चाची बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. होकेत्सू आखनला राहिले तेव्हा त्यांचे कुटुंब जपानमध्ये होते. दोन धन्यांची चाकरी करणाऱ्याच्या घरच्यांना उरलासुरला वेळच मिळतो. पैशाचा प्रश्नही आहेच. हा खेळ स्वस्त नाही आणि केवळ चिकाटीच्या जोरावर घोडा विकत घेता येत नाही. जमेच्या बाजूला पदके थोडी. पण स्वभावाला लागलेले वळण मोठे. कचेरीत हुद्द्याला मान मिळतो, चूक झाली तरी हाताखालची माणसे होकार भरतात. घोड्याला हुद्दा कळत नाही. लगाम धरणारा हात चिडलेला आहे की शांत, एवढेच त्याला कळते, आणि त्याप्रमाणे तो उत्तर देतो. हुकूम सोडण्याची सवय झालेल्या माणसाला दिवसाच्या आरंभीच असा निःस्पृह परीक्षक भेटणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

भारतातही हे स्थित्यंतर घडत आहे. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे रघुबीर सिंग हे 61 व्या घोडदळातील दफेदार होते. त्यानंतर 41 वर्षांनी, 2023 मध्ये, हांगझोऊला ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक भारताकडे आले ते चार नागरी तरुणतरुणींच्या हातून, आणि त्यासाठी त्यांना युरोपात राहून शिकावे लागले. त्यांना आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांना पुढे कधीतरी चरितार्थाचा प्रश्न पडेलच. एकाला दुसऱ्याच्या आड येऊ द्यायचे की दोहोंना आपापली वेळ नेमून द्यायची, हे ज्याने त्याने ठरवायचे. जुन्या शिलेदाराला मात्र एक गोष्ट ठाऊक होती: मुक्कामावर पोहोचल्यावर आधी घोड्याचे दाणापाणी, मग स्वतःचे जेवण.